आठ दिवस आधीची नोंद

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे गेली, डोंगरातल्या वाटा दरडींखाली गाडल्या गेल्या. जमीन कुठे, किती हलली हे पायी फिरून मोजणे अशक्यच होते. पण युरोपच्या सेंटिनेल-१ए उपग्रहाने १७ एप्रिलला हा प्रदेश रडारने टिपून ठेवला होता. २९ तारखेला त्याने तो पुन्हा टिपला.

हे रडार साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडते आणि परतलेली लहर आपल्या चक्रातल्या कोणत्या टप्प्यावर आहे ते नोंदवते. जमीन उपग्रहाकडे पावणेतीन सेंटिमीटर सरकली, की जाण्यायेण्याचा मिळून एका पूर्ण लहरीचा फरक पडतो. दोन नोंदी ताडून काढलेल्या नकाशावर तेवढ्याने रंगांचा एक पट्टा पुरा होतो. काठमांडूभोवती हे पट्टे एकाला एक लागून उमटले होते. ते मोजत गेले तर बेरीज मीटरभर भरते: काठमांडूचा परिसर उचलला गेला होता, उत्तरेकडचा हिमालय खचला होता. मला याहून मोलाची वाटते ती दक्षिणेकडची खूण. भेग पायथ्याजवळ जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलीच नव्हती. म्हणजे तिथला ताण अजून मोकळा झालेला नाही. पुढचा धक्का केव्हा बसेल, हे मात्र रडार सांगत नाही.

सगळी भिस्त असते ती आधीच्या नोंदीवर. भूकंपानंतर ती कितीही पैसे ओतून मिळत नाही. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्सचा भूकंप झाला, तेव्हा ईआरएस-१ उपग्रह जेमतेम वर्षभरापूर्वी अवकाशात गेला होता. म्हणून दिदिए मासोने आणि सहकाऱ्यांना भूकंपाने हललेल्या जमिनीचा असा पहिला नकाशा काढता आला. मोहावीचे कोरडे वाळवंटही मदतीला आले. जिथे झाडी वाढते, पाने हलतात, तिथे आखूड लहरींच्या दोन नोंदी जुळतच नाहीत.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो आणि नासाचा ‘निसार’ इथेच उपयोगी पडेल. त्याच्या एका रडारची लहर २४ सेंटिमीटरची आहे. ती पानांतून बऱ्याच अंशी पार होते, ढगांचा तर तिला अडथळाच नाही. दर बारा दिवसांनी तो त्याच वाटेने परततो. १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसरात आजवर धक्के बसत आले आहेत. तिथल्या हिरव्या डोंगरांची आधीची नोंद आता भर पावसाळ्यातही होऊ शकेल.