जस्त-वायू विद्युत् घटातील धातु-ऑक्साइड उत्प्रेरक

जस्ताचे ऋणाग्र, पोटॅशियम हायड्रॉक्साइडाचा विद्राव आणि सच्छिद्र वायू-अग्र हे जस्त-वायू घटाचे मुख्य भाग होत. दुसरा विक्रियाकारक, म्हणजे ऑक्सिजन, घटात साठविलेला नसून भोवतालच्या हवेतून घेतला जातो. घटाचा सैद्धांतिक विद्युत् दाब १·६५ व्होल्ट असून १ किग्रॅ. जस्तापासून तत्त्वतः सु. १,३५० वॉट-तास ऊर्जा मिळू शकते. मावळातील वळवण व लोणावळा तलावांचे पाणी सु. ५०० मी. खाली खोपोलीच्या वीज केंद्रात १९१५ पासून नेले जाते. तेथे १ किग्रॅ. पाण्यामागे जेमतेम १·४ वॉट-तास ऊर्जा उपलब्ध होते. परंतु तलाव दर पावसाळ्यात भरतो, हा घट पुन्हा भारित करणे मात्र अवघड आहे. श्रवणयंत्रातील जस्त-वायू घट तर एकदा वापरून टाकूनच द्यावा लागतो.

विसर्जनाच्या वेळी वायू-अग्रावर ऑक्सिजनाचे क्षपण होऊन हायड्रॉक्साइड आयन बनतात. भारणाच्या वेळी नेमके उलट घडते. दोन्ही विक्रियांत चार इलेक्ट्रॉनांची देवघेव होत असल्याने त्या मंद असतात. घट सु. १·२ व्होल्टला वीज देतो, पण भारणास सु. २ व्होल्ट लागतात, म्हणजे सु. ४०% ऊर्जा वाया जाते. पहिल्या विक्रियेस प्लॅटिनम, तर दुसरीस रूथेनियम व इरिडियम यांची ऑक्साइडे चांगली. पण ती महाग आहेत.

म्हणून स्वस्त धातूंच्या ऑक्साइडांकडे लक्ष वळले. मँगॅनीज डाय-ऑक्साइड क्षपणास उपयुक्त आहे. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीतील या धातुकाचा शुष्क घटांसाठी उपयोग होतो. ऑक्सिजन-निर्मितीत मात्र ते कमी पडते, म्हणून कोबाल्ट व निकेल यांची स्पिनेल ऑक्साइडे किंवा त्यांच्याशी मँगॅनिजाची मिश्रणे वापरतात. पेरोव्हस्काइटांत धातूच्या ई-जी कक्षकांत सु. एक इलेक्ट्रॉन असल्यास क्रियाशीलता सर्वाधिक असते, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. तथापि वापरात उत्प्रेरकाचा पृष्ठभागच बदलतो, त्यामुळे हा नियम केवळ दिशादर्शक मानावा.

ऑक्साइडांची विद्युत् संवाहकता कमी असल्याने ती कार्बनावर बसवितात. भारणाच्या उच्च दाबाला मात्र कार्बन स्वतःच ऑक्सिडीभूत होतो. निकेलाची जाळी हा त्यावरील एक उपाय होय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या घटांच्या उत्प्रेरकांवर संशोधन झाले आहे.

उत्प्रेरक उत्तम असूनही घट निकामी होऊ शकतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे विद्रावात कार्बोनेट साचून वायू-अग्राची छिद्रे बुजतात. लोणावळ्याच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत घट पाणी शोषून घेतो, तर कोरड्या हवेत तो सुकतो. शिवाय भारणाच्या वेळी जस्त झाडाच्या फांद्यांसारखे वाढून पलीकडच्या अग्राला टेकते व घटात लघुमंडल होते.