परीक्षा आपण देतो, ते ‘टेक’ करतात

‘आय गेव्ह द एक्झाम.’ नाशिकच्या कॉलेज रोडपासून सिन्नर-निफाडच्या शाळांपर्यंत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. मुलानं मनातलं ‘मी परीक्षा दिली’ शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलेलं असतं. मराठीत शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी ती देतात. इंग्रजीत नेमकं उलट आहे: शिक्षक ‘गिव्ह’ करतात, विद्यार्थी ‘टेक’ करतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरीही दहावीची मुलं अशा साध्या क्रियापदापाशी अडतात, कारण आपण त्यांना ‘टेक म्हणजे घेणे’ एवढंच पाठ करून देतो. औषध, सुट्टी, काळजी, जबाबदारी यांना ते चालतं. पण फोटो आपण काढतो, वेळ लागतो, आजोबांना दवाखान्यात नेतो. काळाराम मंदिराबाहेर चपला काढतो, ओझरहून विमान उडतं, सिंहस्थ बारा वर्षांनी भरतो आणि मुलगी आईच्या वळणावर जाते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘टेक’ येऊ शकतो. कधी एकटा, कधी ‘ऑफ’, ‘प्लेस’ किंवा ‘आफ्टर’ला सोबत घेऊन.

चिनी विद्यार्थ्याचीही हीच कुचंबणा होते. त्याला ‘टेक’साठी पहिला शब्द मिळतो ‘ना’, म्हणजे हातात घेणे. पण त्याच्या भाषेत औषध ‘खातात’ आणि बसनं जायचं तर बस ‘बसतात’. शिवाय चिनी क्रियापदाला काळाची रूपं नसतात, त्यामुळे ‘टुक’ आणि ‘टेकन’ त्याला वेगळे घोकावे लागतात. नेणे आणि आणणे यांसाठी तो ‘दाय’ हे एकच क्रियापद वापरतो आणि पुढे ‘जा’ किंवा ‘ये’ जोडून दिशा सांगतो. इथे मराठी मूल सुदैवी आहे. ‘ने’ आणि ‘आण’ त्याच्या तोंडी आधीच असल्यानं ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’मधला फरक त्याला लवकर उमगतो.

गंमत म्हणजे ‘टेक’ मुळात इंग्रजांचाही नव्हता. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘टाका’ या क्रियापदातून तो आला आणि त्यानं ‘निमान’ हे जुनं इंग्रजी क्रियापद हटवलं. मग शतकानुशतकं नवनव्या नामांशी त्याची सोयरीक जुळत गेली. या जोड्या वापरानं ठरल्या आहेत. त्या तर्कानं ओळखता येत नाहीत, ऐकून आणि वापरूनच अंगवळणी पडतात.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती आहे: फळ्यावर एकटं क्रियापद लिहू नका, त्याच्या नामासकट लिहा. ‘टेक अ फोटो’, ‘टेक अ बस’, ‘टेक ॲन एक्झाम’. समोर अस्सल मराठी वाक्य लिहा आणि मुलांकडून दोन्ही मोठ्यानं म्हणवून घ्या. रोज अशा तीन जोड्या झाल्या, तरी वर्षभरात मूल इंग्रजी बोलायला कचरणार नाही.