गोलात मांडलेले धोंडे उचलण्याआधी थांबा!

शेतकरी बंधूंनो, उन्हाळी मशागत सुरू झाली की आपण वावरातले धोंडे वेचून धुऱ्यावर टाकतो, नाहीतर जेसीबी लावून ट्रॉलीत भरून देतो. त्यात वावगं काही नाही. पण मोठाले धोंडे गोलात मांडलेले दिसले, तर हात लावण्याआधी थांबा. ते फार जुन्या माणसांचं दफनस्थळ असू शकतं.

विदर्भात अशी शिळावर्तुळं शेकड्यांनी आहेत. नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला एकाच परिसरात सुमारे ३०० वर्तुळं आहेत. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथं उत्खनन केलं. पुढं १९७० च्या दशकात डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहुरझरी, नायकुंड इथं खोदकाम केलं.

पुष्कळजण ही वर्तुळं अश्मयुगातली समजतात. पण आत लोखंड निघालं, म्हणजे ती लोहयुगातली. वय अडीच-पावणेतीन हजार वर्षं. बाहेर धोंड्यांचं कडं, आत गोटे आणि काळ्या मातीची भर, तिच्याखाली मृताची हाडं, काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी कुऱ्हाडी. माहुरझरीला घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसह. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. आज आपल्या हाती असलेल्या कुऱ्हाडीचा इतिहास असा त्या धोंड्यांखाली आहे.

हा इतिहास वस्तूत जेवढा असतो, तेवढाच तिच्या जागेत असतो. मडकं कुठं होतं, हाडं कोणत्या दिशेला होती, यावरून अभ्यासक माहिती काढतात. एकदा नांगर किंवा जेसीबी फिरला की ती गेली. शेती, दगडखाणी आणि प्लॉटिंगमुळं विदर्भातली कितीतरी वर्तुळं अशीच मोडली.

तुम्ही म्हणाल, परभणीला याचं काय? आपल्याकडं विदर्भासारखी वर्तुळं जागोजाग नाहीत. पण ओसाड गावांच्या पांढरी आहेत, गढ्या आहेत, वीरगळ आहेत. पांढरीची माती आपण घराच्या धाब्यावर आणि शेतात नेतो. तिच्याबरोबर खापरं, मणी, नाणीही जातात. त्यांचंही तेच.

'कळवलं तर सरकार जमीन घेईल' ही भीती अनेकांच्या मनात असते. वस्तू सापडली एवढ्यानं जमीन जात नाही. केंद्र सरकारला १९५८ च्या कायद्याखाली एखादी जागा संरक्षित करायची असेल, तर आधी सूचना काढावी लागते आणि हरकतीसाठी दोन महिने मिळतात. संरक्षित झाल्यावर मात्र १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, हेही खरं. उलट, १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणं १० रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं.

तेव्हा असं काही दिसलं तर काम थांबवा, वस्तू जागच्या जागी राहू द्या, फोटो काढा, गट नंबर लिहा आणि तलाठी किंवा तहसीलदारांना लेखी कळवा. सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांनीही पाणंद रस्ता, शेततळं किंवा मुरमाचं खोदकाम सुरू करण्याआधी जागा एकदा डोळ्याखालून घालावी. चार दिवस काम थांबलं तर पुन्हा सुरू करता येईल. मोडलेलं वर्तुळ पुन्हा मांडता येणार नाही.