गाडीवरचं मटण ते दीड हजार दुकानं

कॅनडाच्या पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशियात, स्टेलर्टन नावाचं कोळसा खाणींचं गाव आहे. १९०७ साली जॉन विल्यम सोबी तिथे घोडागाडीतून दारोदार मटण विकू लागले. १९२४ मध्ये मुलगा फ्रँक म्हणाला, नुसतं मटण कशाला, सगळाच किराणा ठेवू. पोरगं धंद्याचं निघालं!

खरी गंमत १९४७ची. तोवर गिऱ्हाईक यादी वाचायचं आणि नोकर फळीवरून डबे उतरवायचा. जवळच्याच न्यू ग्लासगो गावातल्या सोबींच्या नव्या दुकानात गिऱ्हाइकानेच माल उचलायचा होता. म्हणजे नोकराचं अर्धं काम गिऱ्हाईक फुकटात करू लागलं, वर चार जिन्नस जास्तच घेऊ लागलं. किराण्यात रुपयामागे पैसे सुटतात, त्यामुळे असली बचत मोलाची. दुसरी बचत वाहतुकीची: एकाच ट्रकच्या वाटेवर जितकी जास्त दुकानं, तितका दर डब्यामागचा वाहतूक खर्च कमी.

जवळपासचा मुलूख भरला की मग दुसऱ्याची साखळीच विकत घ्यायची. १९९८ मध्ये सोबींच्या 'सोबीज' कंपनीने आपल्याहून मोठा ओशावा ग्रुप गिळला, तोही पचला. २०१३ मध्ये पश्चिमेकडची कॅनडा सेफवे ५.८ अब्ज डॉलरना घेतली. तो घास मात्र घशात अडकला. संगणकप्रणाली जुळेनात, सवयीचे ब्रँड फळीवरून गेल्याने गिऱ्हाईक रुसलं आणि हिशेबात अब्जावधी डॉलरची घट दाखवावी लागली.

मुख्य कचेरी अजून स्टेलर्टनलाच आहे.