ड्रायर खडखडतो, बदनाम होते मोटर

आषाढ लागला की पवनी तालुक्यातल्या आसगावात घरोघरी बांधीतल्या चिखलाचे कपडे साचतात आणि वाळवायला ऊन नसतं. चौरास भागात धानाची रोवणी चालू असते, तेच दिवस ड्रायरवर सगळ्यात जास्त ताण येण्याचे. नेमका तेव्हाच तो खडखडू लागतो आणि घरातलं कोणीतरी निकाल देऊन मोकळं होतं: ‘मोटर गेली.’

बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते. ड्रायर म्हणजे इथे सेमी ऑटोमॅटिक मशीनमधला पाणी पिळणारा लहान टब. तो मिनिटाला साधारण 1300 ते 1400 फेरे घेतो. त्या वेगात एका बाजूला नुसते 100 ग्रॅम जास्त झाले, तर टबला त्या बाजूला बसणारी ओढ जवळपास 24 किलो वजनाइतकी असते. ओला टॉवेल एकीकडे गोळा होऊन बसला की काय होत असेल, ते यावरून समजावं. धाडधाड आवाज, थरथर, मशीनचं जागेवरून सरकणं, हे सगळं त्याच ओढीचं.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे: टब रिकामा करून, झाकण लावून ड्रायर चालवा. आवाज गेला, तर दोष कपडे भरण्यात. मग कपडे गोल, सारखे दाबून बसवा आणि वर प्लास्टिकची जाळीदार चकती ठेवा. ही चकती बहुतेक घरांत पहिल्याच महिन्यात कुठेतरी हरवते. तिच्याविना रुमाल, मोजे वर उचलले जातात, टबच्या कडेवरून बाहेरच्या टबात पडतात आणि खाली शाफ्टला गुंडाळतात.

‘कमी कपडे टाकले की आवाज होत नाही’ हाही गैरसमजच. एकटी जीन्स किंवा एकटी चादर सगळ्यात वाईट, कारण तिला तोलून धरायला समोरच्या बाजूला काहीच नसतं. सोबत दोन-चार कपडे टाकले तर टब शांत फिरतो.

रिकामा टबही आवाज करत असेल, तर मात्र आवाजाची जात ओळखावी लागते. टब आणि मोटर मिळून तीन स्प्रिंगांवर उभी असतात. स्प्रिंग तुटली किंवा तिचं रबर झिजलं की टब कलतो आणि बाजूला आपटतो. सतत घासल्यासारखा आवाज, सोबत जळका वास, म्हणजे ब्रेकचा पट्टा पूर्ण सुटत नाही. पुष्कळदा ब्रेकची तार नीट ओढून बसवली की काम होतं. नुसता ‘हूं’ असा आवाज येऊन टब फिरतच नसेल, तर अडकलेला कपडा, न सुटणारा ब्रेक किंवा कपॅसिटर यांपैकी एक. कपॅसिटर स्वस्त असतो, पण बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा, आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून हे काम मेकॅनिककडेच द्यावं.

घाई करायची ती चिरक्या आवाजाची. किंचाळल्यासारखा आवाज आणि मशीनखाली पाणी, म्हणजे टबच्या तळाचं रबरी सील गेलं. त्याच्या खालीच मोटर असते. महिनाभर चालढकल केली की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि तेव्हा खरोखर मोटर जाते.

‘झाकण उघडून हाताने फिरवून पाहिलं, जाम आहे.’ असणारच! झाकण उघडलं की ब्रेक लागतो, त्याची रचनाच तशी आहे. या चुकीच्या परीक्षेवरून कितीतरी चांगल्या मोटरी खोलल्या जात असतील.

‘थोडं तेल सोडा, गप्प होईल.’ हा सगळ्यात घातक सल्ला. खोबरेल असो की गाडीचं ऑइल, ते ओघळून ब्रेकवर जातं. मग झाकण उघडल्यावरही टब फिरत राहतो, आणि फिरत्या टबात हात घातला की कपडा हाताला वेटोळं घालून ओढतो. खोबरेल पुढे चिकट होऊन धूळ धरतं, ते निराळंच. झाकणाचा स्विच जोडतारेने कायमचा चालू करून ठेवणं याच जातीतलं. घरात लेकरं असतील तर तो गुन्हाच म्हणायचा.

मशीनखाली गोणपाट किंवा फोम घालून थरथर थांबवणारेही आहेत. मऊ बैठकीवर मशीन जास्तच डुलते. टणक, सपाट फरशी हवी आणि चारही पाय टेकलेले हवेत.

विजेचंही बघा. शेतातले पंप चालू असताना व्होल्टेज पडतं. 230 च्या जागी 180 व्होल्ट आले, तर मोटरचा फिरवण्याचा जोर साधारण 60 टक्क्यांवर येतो. ती गुणगुणते, तापते, आणि दोष मात्र मशीनला लागतो.

मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहताना एक ध्यानात असू द्या. अमेरिकेत ड्रायर म्हणतात तो गरम हवेने कपडे वाळवणारा आडवा ड्रम. त्याचा आवाज पट्टा, रोलर किंवा पुलीचा असतो. आपल्या ड्रायरचा टब सरळ मोटरला जोडलेला असतो, त्यात पट्टा शोधत बसू नये. आपला ड्रायर वाळवतही नाही, फक्त पिळतो. पाच मिनिटांत निघायचं ते पाणी निघून जातं; पुन्हा पुन्हा टायमर फिरवल्याने टॉवेल कोरडा होत नाही, झीज तेवढी होते.

आणि कपडे टाकण्याआधी खिसे तपासा. नाणी, खिळे टबात वाजतात, आणि खर्र्याची पन्नी पाणी जायची वाट अडवते. पाणी तुंबलं की टब त्यातच फिरतो, आवाज जड होतो, आणि पुन्हा कोणीतरी म्हणतं, मोटर गेली.