खिडकीची चौकट कुजली? आधी पाणी अडवा, मग लाकूड बदला



पाऊस उघडला की आपण शेताचे बांध बघतो, पण घराच्या खिडकीकडे कुणी बघत नाही. चौकटीचं खालचं आडवं लाकूड आतून भुसभुशीत होतं, वरचा रंग तेवढा शाबूत दिसतो. मग एक दिवस गज हातात येतो, कोपऱ्यातून उंदीर शिरतो आणि थेट बियाण्याच्या पोत्यापर्यंत पोचतो. वेळीच तुकडा बदलला तर थोडक्यात भागतं. दुर्लक्ष केलं तर सबंध चौकट काढावी लागते, अन् तिच्यापायी भिंतही फोडावी लागते.

लाकूड कुजतं कशानं?

वयानं नव्हे, बुरशीनं. बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. म्हणून कोरडा राहिलेला साग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तेव्हा पाणी कुठून येतं ते आधी शोधा. कौल फुटलंय का? छज्जाला चीर आहे का? खालच्या लाकडावर पाणी साचतं का? हे न बघता नवं लाकूड बसवणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. नवा तुकडाही तसाच कुजेल.

तपासणी

दाभण किंवा पेचकस घेऊन लाकडात टोचा. चांगलं लाकूड दाद देत नाही, कुजलेल्यात टोक सहज शिरतं. कोपरे आणि उभ्या लाकडांचे पाय नीट बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवीही आहे असं समजा आणि तिचा बंदोबस्त आधी करा.

दुरुस्ती

हे काम उन्हाळ्यात, मृगाच्या आधी उरका.

1. चौकटीवर भिंतीचा भार असेल तर आधी वर भक्कम टेकू द्या. त्याशिवाय करवत लावू नका.

2. कुजलेला भाग काढताना त्याच्या पुढचं दोन-तीन इंच चांगलं लाकूडही कापा. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. खालचं लाकूड बरंचसं गेलं असेल तर ते सबंधच बदला.

3. उभ्या लाकडाचा पाय बदलताना काप तिरका घ्या आणि त्याचा उतार बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे जोडात पाणी मुरणार नाही.

4. नवा तुकडा वाळलेला आणि गाभ्याचा घ्या. औताला आपण ओलं लाकूड घालत नाही, मग चौकटीला का घालावं? पांढरं, कोवळं लाकूड लवकर कुजतं.

5. जोडाला पाण्यात न सुटणारा सरस लावा आणि पितळी स्क्रूनं आवळा. लोखंडी खिळा गंजतो.

6. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबर लावा. उघड्या बाजूंना अस्तर देऊन तेलरंगाचे दोन हात द्या. लाकडाची कापलेली तोंडं सर्वांत जास्त पाणी ओढतात, ती कोरी ठेवू नका.

7. खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूनं उतार द्या. भिंतीबाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्ध्या इंचावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक खाच मारा. पाणी तिथंच ठिबकतं, भिंतीकडे वळत नाही.

खबरदारी

ओल्या लाकडावर रंग देऊ नका, ओल आत कोंडते. कुजलेल्या भागावर नुसती लांबी भरणं म्हणजे पू आत ठेवून वरून मलम लावणं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो ओला करून खरवडा, पोरांना दूर ठेवा आणि कचरा गोळा करून टाका. जवसाचं तेल वापरलंत तर त्याच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेट घेतो. चिंध्या पसरून वाळवा.

हे पत्रक तुमच्या सुतारालाही दाखवा. अन् पहिल्या मोठ्या पावसात खिडकीबाहेर उभं राहून पाणी कुठून ओघळतं ते एकदा स्वतः बघा. दुरुस्ती जमली की नाही, ते तिथंच कळेल.