तारेतले वेटोळे आणि त्याचे श्रेय

दूरध्वनीच्या इतिहासात बेल यांच्या १८७६च्या पेटंटविषयी विपुल लेखन झाले. लांब पल्ल्याचे बोलणे ज्या वेटोळ्यामुळे स्वस्त झाले, त्या ‘लोडिंग कॉइल’विषयी मात्र अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर कोणी फारसे लिहिले नाही. १८९२मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागो ही शहरे जोडली गेली, तेव्हा मैलाला ४३५ पौंड भरेल एवढी जाड तांब्याची तार खांबांवरून न्यावी लागली होती. साहजिकच हे बोलणे श्रीमंतांपुरतेच उरले.

तार जाड करणे हा तात्पुरता उतारा होता, कारण प्रश्न केवळ आवाज क्षीण होण्याचा नव्हता. बोलण्यात अनेक कंप्रतांचे, म्हणजे सेकंदाला कमीअधिक संख्येने होणाऱ्या कंपनांचे, मिश्रण असते. लांब केबलमध्ये उच्च कंप्रता नीच कंप्रतांपेक्षा अधिक झिजतात आणि वेगळ्या गतीने पोहोचतात, त्यामुळे पलीकडच्या कानाला शब्दाऐवजी गुणगुण ऐकू येते. या विरूपणाचे गणित मांडणारे ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये जन्मले, बालपणीच्या आजाराने त्यांना ऐकू कमी येई, सोळाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि १८७४मध्ये तारकंपनीतील नोकरी सोडल्यावर त्यांनी पुन्हा कोणाची चाकरी केली नाही. मॅक्सवेल यांची समीकरणे आज ज्या चार ओळींत शिकवली जातात, त्या रूपात ती आणण्यात याच गृहस्थांचा मोठा वाटा आहे.

कोणत्याही तारजोडीला चार गुण असतात: प्रवाहाला अडवणारा रोध, दोन तारांमध्ये विद्युत् भार साठवणारी धारिता, आवरणातून होणारी गळती आणि स्वप्रवर्तन, म्हणजे प्रवाहातील बदलाला तारेच्याच चुंबकीय क्षेत्राने केलेला विरोध. हेविसाइड यांनी १८८७मध्ये दाखवले की स्वप्रवर्तन आणि रोध यांचे गुणोत्तर जर धारिता आणि गळती यांच्या गुणोत्तराएवढे झाले, तर सर्व कंप्रता एकाच गतीने जातात, सारख्याच झिजतात आणि शब्द विरूप न होता पोहोचतो. केबलमध्ये धारिता भरपूर आणि गळती नगण्य असल्यामुळे यातून निघणारा निष्कर्ष विलक्षण होता: तारेचे स्वप्रवर्तन मुद्दाम वाढवावे.

ब्रिटिश टपालखात्याचे विद्युत्-तज्ज्ञ विल्यम प्रीस यांची श्रद्धा नेमकी उलट होती. बोलणे किती लांब जाईल हे धारिता आणि रोध यांच्या गुणाकारावरून ठरते, असा त्यांचा नियम होता आणि स्वप्रवर्तन हा त्यांच्या लेखी टाळायचा दोष होता. प्रीस अडाणी नव्हते. १८७७मध्ये बेल यांचे दूरध्वनी ब्रिटनमध्ये त्यांनीच आणले आणि पुढे मार्कोनींना आधारही त्यांनीच दिला. परंतु गणिताविषयीचा तिटकारा अधिकारपदाशी जुळला की काय होते, याचा नमुना त्यांनी घालून दिला. हेविसाइड यांचे बंधू आर्थर हे त्याच खात्यात प्रीस यांच्या हाताखाली अभियंता होते. दोघा भावांनी दूरध्वनीवर लिहिलेला संयुक्त निबंध १८८७मध्ये प्रीस यांनी प्रसिद्ध होऊ दिला नाही. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’ या नियतकालिकाचे संपादक बदलले आणि हेविसाइड यांची लेखमालाही थांबली. स्वप्रवर्तन वाढवण्यासाठी तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवण्याची सूचना हेविसाइड यांनी १८९३मध्ये छापली, तरी टपालखात्याने ती करून पाहिली नाही आणि त्यांनी तिचे पेटंटही घेतले नाही.

उरलेली कथा अमेरिकेतली आहे. बेल कंपनीचे जॉर्ज कॅम्पबेल यांनी वेटोळी किती अंतरावर आणि किती मोठी हवीत याचा हिशेब करून सप्टेंबर १८९९मध्ये बॉस्टन येथे ४६ मैलांच्या केबलवर यशस्वी चाचणी घेतली. पेटंटचा अर्ज मात्र कंपनीच्या दिरंगाईत अडकला आणि डिसेंबरमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मिहाइलो पुपिन यांनी आपला अर्ज दाखल केला. हा दावा लढवावा, तर हेविसाइड यांच्या जुन्या लेखनामुळे संपूर्ण पेटंटच रद्द होण्याची भीती होती, म्हणून कंपनीने पुपिन यांचे हक्क विकत घेणे पसंत केले. १९१७पर्यंत पुपिन यांना ४,५५,००० डॉलर मिळाले. हेविसाइड यांना १८९६पासून सरकारी निवृत्तिवेतन म्हणून वर्षाला १२० पौंड मिळत होते. पुपिन यांना चोर म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण १९००च्या निबंधात त्यांनी हेविसाइड यांचे ऋण मान्य केले आहे. खरा अन्याय झाला तो कॅम्पबेल यांच्यावर, कारण युरोपभर ही क्रिया ‘पुपिनायझेशन’ याच नावाने रूढ झाली.

वेटोळ्यांची पहिली सार्वजनिक दूरध्वनी केबल बॉस्टनमधील जमैका प्लेन आणि वेस्ट न्यूटन यांच्या दरम्यान १८ मे १९०० रोजी सुरू झाली; योगायोग असा की तो हेविसाइड यांचा पन्नासावा वाढदिवस होता. वेटोळी बसवलेली तार एका मर्यादेपुढच्या कंप्रता जवळजवळ पूर्ण अडवते. या दोषातून कॅम्पबेल यांनी पुढे तरंगगाळणी घडवली आणि एका तारेवरून अनेक संभाषणे नेण्याची वाट मोकळी केली. त्याच दोषामुळे शंभर वर्षांनी, दूरध्वनीच्या तारेतून ब्रॉडबँड आणि चलच्चित्रे नेताना, ही वेटोळी शोधून काढून टाकावी लागली.

हेविसाइड यांना वर्गणी थकल्यामुळे १८८१मध्ये तारअभियंत्यांच्या संस्थेने सभासदत्वातून काढले होते. हीच संस्था पुढे विद्युत् अभियंत्यांची संस्था झाली आणि प्रीस तिचे अध्यक्ष होते. १९२२मध्ये तिने आपले पहिले फॅरेडे पदक हेविसाइड यांना दिले. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते आणि प्रीस यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.